ओला बोल्ट, कोरडा आकडा

डर्ट बाइकचे सस्पेंशन उघडताना फारसा विचार करावा लागत नाही. खरा विचार सुरू होतो तो जोडणीच्या वेळी. स्विंगआर्मचा, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या बाहूचा, लांबलचक पिव्हट बोल्ट, लिंकेजचे, म्हणजे शॉकअप आणि स्विंगआर्म यांच्या मधल्या तरफांचे बोल्ट, शॉकअपचे वरचे आणि खालचे बोल्ट, फोर्कच्या क्लॅम्पचे आखूड बोल्ट, दोन्ही चाकांचे एक्सल आणि या सगळ्यांचे नट धुऊन, पुसून फडक्यावर ओळीने मांडले की प्रत्येकापाशी हात क्षणभर थांबतो. याला काय लावायचे? ग्रीस, तेल, थ्रेडलॉकर (आट्यांत घट्ट होऊन बोल्ट धरून ठेवणारा द्रव), की काहीच नाही? पाना हातात धरणाऱ्यांमध्ये याबद्दल दोन पक्के पंथ आहेत. एक पंथ दिसेल त्या बोल्टला ग्रीस चोपडतो, कारण पुढच्या वेळी तो सहज सुटावा. दुसरा पंथ आट्यांना तेलाचा थेंबही लागू देत नाही, कारण तेलकट बोल्ट धक्क्यांनी ढिला होतो अशी त्याची ठाम समजूत असते. दोन्ही पंथांतल्या माणसांची कळकळ मला मान्य आहे, पण दोघेही वंगणाकडे जोडणी झाल्यानंतरची वरवरची गोष्ट म्हणून पाहतात, आणि तिथेच माझे मत वेगळे आहे. वंगण हा वॉशरइतकाच जोडणीचा एक सुटा भाग आहे. कुठे कोणता वॉशर हे जसे ठरलेले असते, तसेच कुठे कोणते वंगण, किती आणि कुठे मुळीच नाही, हे प्रत्येक बोल्टचे काम पाहून ठरवावे लागते.

बोल्ट घट्ट बसतो म्हणजे नेमके काय होते, ते आधी पाहू. नट फिरत जातो तसा बोल्टचा दांडा ताणला जातो. लांबीतली ही वाढ बहुतेक वेळा मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी असते, पण ताणलेले पोलाद पुन्हा आखूड व्हायला पाहते आणि त्या ओढीमुळे मधले भाग एकमेकांवर जबरदस्त दाबाने आवळले जातात. जोड टिकतो तो या दाबामुळे. टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला पीळ गाठला की खटका देणारा पाना, मात्र हा दाब मोजतच नाही. तो मोजतो नट फिरवायला लागणारा पीळ, आणि त्या पिळाचा साधारण निम्मा भाग नटाच्या किंवा डोक्याच्या खालच्या पृष्ठभागावरच्या घर्षणात जातो, सुमारे ४० टक्के आट्यांमधल्या घर्षणात जातो, आणि प्रत्यक्ष बोल्ट ताणण्याच्या कामी येतो तो उरलेला जेमतेम दहावा हिस्सा. म्हणजे मॅन्युअलमध्ये छापलेला न्यूटन मीटरचा आकडा हा मुख्यतः घर्षणाचा आकडा आहे. त्या घर्षणाबद्दल काहीएक गृहीत धरूनच तो काढलेला असतो, आणि आपण आट्यांना काय लावतो यावर ते गृहीतक खरे ठरते किंवा कोसळते.

हिशेब करून पाहिला की ही गोष्ट अंगावर येते. १० मिलिमीटर व्यासाचा बोल्ट ४५ न्यूटन मीटरला आवळायचा आहे असे समजू. पिळाला मीटरमधल्या व्यासाने आणि घर्षणावर ठरणाऱ्या एका गुणकाने भागले की बोल्टमधला ताण मिळतो. कोरड्या, साध्या पोलादी आट्यांसाठी हा गुणक साधारण ०.२ धरतात, आणि तसा धरला तर ताण येतो २२,५०० न्यूटन, म्हणजे सुमारे २,३०० किलो वजनाइतका. त्याच आट्यांना तेल लावले आणि गुणक ०.१५ वर आला, तर तोच पाना, तोच आकडा आणि तोच खटका असूनही ताण ३०,००० न्यूटनवर जातो. चांगले निसरडे वंगण लावून गुणक ०.१२ झाला तर तो ३७,५०० होतो. ८.८ दर्जाच्या १० मिलिमीटर बोल्टला कायमचा न लांबता जो भार सोसता येतो, तो सुमारे ३३,६०० न्यूटन आहे. म्हणजे कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा आणि भरपूर वंगण यांची गाठ पडली, तर रेंचने इमानदारीने खटका दिलेला असतानाही बोल्ट आपली मर्यादा ओलांडून बसलेला असू शकतो. आणि बोल्ट ॲल्युमिनियमच्या आट्यांत जात असेल, तर बोल्टआधी ते आटेच उपटून येतात. आटे गेलेले भोक दुरुस्त करता येते, पण तिथवर वेळ येऊ नये हे बरे.

याचा अर्थ कोरडेच बसवावे असा मुळीच नाही. कोरड्या आट्यांचे घर्षण फार बेभरवशाचे असते. एक बोल्ट नवा, मुलामा शाबूत असलेला. दुसरा चार वेळा उघडलेला, आट्यांच्या शेंड्यांवर सूक्ष्म ओरखडे असलेला. तिसऱ्याच्या तळाशी ब्रशला न लागलेली धुळीची पातळ कड. तिघांनाही एकाच आकड्यापर्यंत आवळले तरी तिघांतला ताण वेगवेगळा असतो. वंगणामुळे ही तफावत कमी होते, आणि म्हणूनच कित्येक उत्पादक आपल्या मॅन्युअलांत काही ठराविक बोल्टांच्या आट्यांना आणि नटाच्या बैठकीला तेल किंवा ग्रीस लावायला स्पष्ट सांगतात आणि आकडा त्या ओल्या अवस्थेसाठीच देतात. होंडाच्या मॅन्युअलांत अशा सूचना ठिकठिकाणी दिसतात. यामाहाच्या मॅन्युअलांत, वेगळे काही सांगितले नसेल तर टॉर्कचे आकडे स्वच्छ आणि कोरड्या आट्यांसाठी समजावेत, असे आधीच बजावलेले असते. त्यामुळे माझ्या मते टॉर्कच्या तक्त्यातला आकडा एकटा वाचूच नये. त्याच्या शेजारची बारीक खूण, तळटीप, चित्रातला ग्रीसचा किंवा थ्रेडलॉकरचा बाण हे सगळे मिळून ती सूचना पूर्ण होते. तेल सांगितले असताना कोरडा बसवलेला बोल्ट आकडा गाठूनही ढिला राहतो, आणि कोरडा सांगितला असताना तेल लावलेला बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. चूक दोन्हीकडे सारखीच आहे, फक्त दिशा उलटी.

तेलामुळे बोल्ट सुटतो या समजुतीकडे आदराने पाहायला हवे, कारण ती अनुभवातून आलेली आहे. मात्र कारण आणि परिणाम यांची सांगड तिथे चुकीची बसली आहे. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली दाखवून दिले की बोल्ट सुटण्यामागचे सर्वांत मोठे कारण म्हणजे दांड्याला आडवे बसणारे हादरे. आवळलेले दोन भाग एकमेकांवरून बाजूला सरकू लागले की आट्यांमधले आणि डोक्याखालचे घर्षण त्या सरकण्यातच खर्च होते, आणि नट मागे फिरू नये म्हणून धरून ठेवणारे काहीच उरत नाही. मग प्रत्येक हादऱ्याबरोबर तो कणाकणाने मागे येतो. हे टाळायचे तर भाग मुळात सरकता कामा नयेत, आणि ते सरकू नयेत म्हणून हवा पुरेसा दाब. तेल लावून योग्य ताणापर्यंत नेलेला बोल्ट हा दाब देतो. कोरडा, गंजकट, अर्धाच ताणलेला बोल्ट रेंचला घट्ट भासतो पण तो दाब देत नाही, आणि डर्ट बाइकच्या मागच्या चाकाखाली उडीनंतर जमीन आदळते तेव्हा त्याची पोकळ घट्टाई उघडी पडते. आट्यांना हात लावून पाहिले आणि तेल दिसले, म्हणून दोष तेलाला दिला जातो. दोष असतो तो अपुऱ्या ताणाचा.

आता लिंकेजकडे वळतो, कारण सस्पेंशनमधला वंगणाचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा आणि माझ्या लेखी सर्वांत सुंदर इथे आहे. मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन शॉकअप असण्याची जुनी रचना १९७०च्या दशकात मोडीत निघू लागली. बेल्जियमच्या लुसियें टिल्केन्स यांच्या कल्पनेवर यामाहाने एकाच शॉकअपची मोटोक्रॉस बाइक उभी केली आणि १९७३ साली स्वीडिश स्वार हाकान अँडरसनने तिच्यावर २५० सीसी गटाचे जागतिक विजेतेपद मिळवले. पुढे कावासाकीचे युनि-ट्रॅक, होंडाचे प्रो-लिंक, सुझुकीचे फुल फ्लोटर अशा रचना आल्या आणि शॉकअप व स्विंगआर्म यांच्या मधे तरफांची एक साखळी बसली. मागचे चाक ३०० मिलिमीटरच्या आसपास वरखाली होते. शॉकअपचा दट्ट्या त्याच्या निम्म्याहूनही कमी अंतर सरकतो. या दोन हालचालींमधला व्यवहार लिंकेज सांभाळते, आणि तरफेच्या नियमाने अंतर जितके घटते तितका जोर वाढतो. म्हणजे बाइकवरचे सर्वांत मोठे धक्के या मूठभर बेअरिंगांमधून जातात, आणि ती बेअरिंगे असतात सर्वांत खाली, चिखलाच्या आणि पाण्याच्या माऱ्यात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण बहुतेक गोंधळ तिच्यापाशीच होतो. लिंकेजचा बोल्ट फिरत नाही. त्याने फिरायचेच नसते. बोल्ट ज्या पोलादी नळीतून जातो, त्या नळीला, म्हणजे कॉलरला, तो दोन्ही बाजूंच्या कानांमध्ये, म्हणजे बोल्टसाठी भोक असलेल्या पुढे आलेल्या भागांमध्ये, घट्ट आवळतो, आणि बोल्ट, कॉलर, कान हे तिन्ही मिळून एक अचल वस्तू बनतात. हालचाल होते ती कॉलरच्या बाहेरच्या गुळगुळीत पृष्ठभागावर, जिथे नीडल बेअरिंगच्या बारीक लाटण्या लोळतात. म्हणजे एकाच जागी, एकात एक घातलेल्या दोन गोष्टींना वंगण हवे असते, पण अगदी वेगवेगळ्या कारणांसाठी. कॉलर आणि नीडल यांना ते हवे असते हालचालीसाठी, तर बोल्टच्या दांड्याला ते हवे असते गंज रोखण्यासाठी. हा भेद मनात ठसला की कुठे भरभरून ग्रीस द्यायचे आणि कुठे नुसता हात फिरवायचा, हे कोणाला विचारावे लागत नाही. नीडलना ग्रीस मिळाले नाही आणि त्या कॉलरवर जाम झाल्या, तर हालचाल थांबत नाही. उडीनंतरचा धक्का तिला थांबू देत नाही. ती दुसरी वाट शोधते. आवळलेली कॉलर कानांमध्ये घसटू लागते, तिच्याबरोबर बोल्टही वळू पाहतो, आणि ज्या भोकात तो अचल राहायचा ते भोक हळूहळू लांबट होत जाते. बेअरिंग बदलता येते. फ्रेमच्या कानातले लांबट भोक मात्र फार मोठे दुखणे ठरते.

बऱ्याच बाइकांच्या लिंकेजमधल्या नीडलना पिंजरा नसतो. त्या एकमेकींना खेटून गोलात उभ्या असतात आणि त्यांना जागेवर धरते ती फक्त आतली कॉलर आणि ग्रीसचा चिकटपणा. म्हणून कॉलर काढताना मी ती एकदम ओढत नाही. सील बोटाने सोडवून घेतो, खाली स्वच्छ ताटली ठेवतो आणि कॉलर गोल फिरवत, हळूहळू बाहेर घेतो. काडेपेटीतल्या काडीएवढ्या जाडीच्या त्या लाटण्या पहिल्यांदा दिसतात तेव्हा विश्वास बसत नाही, की स्वार, बाइक आणि उडीचा वेग यांचा एकत्रित भार या पेलतात. एखादी सुटून पडलीच तर तिचा माग काढायलाच हवा, कारण एक नीडल कमी असलेले बेअरिंग जोडताना कुठलीही तक्रार करत नाही, तक्रार पुढे धावपट्टीवर करते. मग कॉलर उजेडाकडे धरून पाहायची. तिच्यावर ठरावीक अंतराने आडव्या, समांतर रेघा दिसल्या आणि नख त्यांत अडकले, तर ती कॉलर गेली असे समजावे. रंग आहे पण नख अडकत नाही, अशी कॉलर धुऊन परत वापरता येते.

त्या समांतर रेघांचे मूळ नीडलच्या अपुऱ्या प्रवासात आहे. चाकातले बेअरिंग गरगर फिरते, त्यामुळे ग्रीस सतत ढवळले जाते आणि प्रत्येक गोळीला पुन्हा पुन्हा ताजा थर मिळतो. लिंकेजच्या नशिबी ते नाही. चाक पूर्ण वरखाली झाले तरी स्विंगआर्म सुमारे ३० अंशांतच हलतो, आणि सपाट जमिनीवर तर दोन-तीन अंशांतच थरथरत राहतो. नीडल त्याच अरुंद पट्ट्यात मागेपुढे होत राहतात, तिथले ग्रीस बाजूला ढकलून देतात, आणि ते परत आत यायला काही कारणच घडत नाही. मग धातूवर धातू घासतो, सूक्ष्म कण सुटतात, त्यांचा गंज होतो आणि तो तांबूस गंज स्वतःच पॉलिश पेपरसारखे काम करतो. या झिजेला फॉल्स ब्रिनेलिंग म्हणतात. स्वीडिश अभियंता योहान ऑगस्ट ब्रिनेल याने काठिण्य मोजण्यासाठी गोळी दाबून उमटवलेल्या खळग्यांशी तिचे साम्य आहे, पण ती एका मोठ्या आघाताने होत नाही, लाखो लहान थरथरींनी होते. जे फार कमी हलते त्याचेच ग्रीस सर्वांत लवकर निकामी होते, ही गोष्ट मला या सगळ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटते. मोटोक्रॉस बाइकच्या मॅन्युअलांत लिंकेज उघडून ग्रीस भरण्याची वेळ किलोमीटरऐवजी तासांत किंवा शर्यतींत दिलेली असते, त्यामागे हेही एक कारण आहे. नवी बाइक घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात लिंकेज उघडून पाहावे, असे अनुभवी मंडळी सांगतात, तेही खरेच आहे. कारखान्यातून भरून आलेले ग्रीस पुष्कळदा बेताचेच असते.

ग्रीस कोणते, यावर वाद पुष्कळ होतात, पण मला तो प्रश्न तितका मोठा वाटत नाही. ग्रीस म्हणजे तेल आणि त्याला धरून ठेवणारा दाटपणा. दाटपणा कशाचा, यावर ते पाण्यात टिकेल की वाहून जाईल हे ठरते. लिंकेजसाठी दुसऱ्या नंबरच्या दाटपणाचे, पाण्याला दाद न देणारे ग्रीस हवे, आणि त्या बाबतीत कॅल्शियम सल्फोनेटवर आधारलेले ग्रीस मला सर्वांत भरवशाचे वाटते. मॉली ग्रीस, म्हणजे मोलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेले ग्रीस, हळू आणि जड हालचालीत चांगले काम करते, कारण तेलाचा थर चिरडला गेला तरी त्यातले चकचकीत काळे घन कण दोन धातूंच्या मधे उरतात. महत्त्वाची गोष्ट एवढीच, की दोन जातींची ग्रीसे एकमेकांत मिसळू नयेत. काही जोड्या एकत्र आल्या की दाटपणा मोडतो आणि सगळे ग्रीस पातळ होऊन सीलबाहेर वाहून जाते. म्हणून जुन्यावर नवे चोपडण्यापेक्षा जुने पूर्ण धुऊन काढणे केव्हाही चांगले. धुतल्यावर बेअरिंग पूर्ण वाळू द्यावे. मग बोटाने ग्रीस नीडलच्या फटींमध्ये दाबत जावे, ते दुसऱ्या बाजूने डोकावेपर्यंत. सीलच्या ओठांवरही थोडे द्यावे, म्हणजे ते कोरडे घासणार नाहीत आणि चिखलाला पहिला अडथळा तिथेच होईल.

बोल्टच्या दांड्याचा हिशेब याच्या अगदी उलट आहे. तिथे पातळ, सलग थर पुरतो, दांड्याचा रंग आरपार दिसेल इतका पातळ. त्या थराचे काम पाण्याला आत येऊ न देणे एवढेच. सर्वांत जास्त जपावे लागते ते स्विंगआर्मच्या पिव्हट बोल्टला. हा बोल्ट फ्रेममधून शिरून स्विंगआर्ममधून आणि बऱ्याच बाइकांत इंजिनच्या ॲल्युमिनियमच्या केसमधूनही आरपार जातो. पोलाद आणि ॲल्युमिनियम यांच्या मधे खारट किंवा चिखलाचे पाणी साचले की तिथे अक्षरशः एक विद्युतघट तयार होतो, आणि त्यात झिजते ते ॲल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते. भोकात ती जागा नसते, आणि बोल्ट असा आवळला जातो की मग घण, ड्रिफ्ट (बोल्ट ठोकून बाहेर काढायचा दांडा) आणि उष्णता यांशिवाय तो हलत नाही. बोल्ट घालण्याआधी फडक्यावर थोडे ग्रीस घेऊन तो पूर्ण लांबीभर पुसून घेतला तर हे सगळे टळते. आट्यांवर मात्र हे ग्रीस चुकूनही सांडू देऊ नये, निदान मॅन्युअलने तसे सांगितल्याशिवाय. लांब बोल्ट सरकवताना ग्रीस पुढे ढकलले जाते आणि पलीकडून आटे बाहेर येतात ते माखलेलेच. नट लावण्याआधी ते टोक सॉल्व्हंटच्या फडक्याने पुसून कोरडे करायला अर्धा मिनिट लागतो. हे पुसणे मी कधीच टाळत नाही, कारण वरचा सगळा हिशेब या अर्ध्या मिनिटावर अवलंबून असतो. शिवाय बाहेर उरलेले ग्रीस धूळ धरते आणि तिची धारदार पेस्ट होते, हा वेगळाच तोटा.

आंधळ्या भोकांबद्दलही सांगायला हवे, म्हणजे जी दुसऱ्या बाजूने उघडी नसतात. अशा भोकात ग्रीस किंवा तेल भरले असेल तर बोल्ट खाली जाताना ते दाबले जाते, त्याला जायला वाट नसते, आणि बोल्ट बसलेला नसतानाच रेंच खटका देतो. भाग ॲल्युमिनियमचा असेल तर त्या दाबाने त्याला तडाही जाऊ शकतो. इथे वंगण लावायचेच झाले तर ते बोल्टच्या आट्यांना, तेही अगदी बेताने. भोकात कधीही नाही.

पुढच्या फोर्कच्या बाजूला मामला त्या मानाने सोपा, पण नाजूक आहे. ट्रिपल क्लॅम्पचे बोल्ट ॲल्युमिनियमच्या क्लॅम्पला फोर्कच्या नळीभोवती आवळतात, आणि त्यांचे आकडे मुद्दाम लहान असतात. ४८ मिलिमीटरच्या फोर्कच्या खालच्या क्लॅम्पला केटीएम काही बाइकांसाठी १२ न्यूटन मीटर सांगते. इतक्या लहान आकड्यावर वंगणाचा फरक प्रमाणाने तेवढाच, पण परिणामाने मोठा असतो, कारण इथे जास्तीचा ताण सरळ नळीवर जातो. नळी किंचित लंबगोल होते, आतले बुश त्या जागी अडखळतात, आणि स्वाराला वाटते की फोर्कच्या तेलात किंवा वॉल्व्हमध्ये काही बिघडले आहे. क्लॅम्पच्या आतल्या बाजूला आणि नळीच्या बाहेरच्या पृष्ठभागाला वंगणाचा अंशही नको. तिथे घर्षणच हवे आहे. पुढच्या एक्सलला मात्र पातळ थर द्यावा, आणि तो फक्त गंजासाठी नाही. एक्सल नट आवळल्यावर पिंच बोल्ट, म्हणजे फोर्कच्या पायात एक्सल आवळणारे बोल्ट, ढिले ठेवून फोर्क काही वेळा खाली दाबायचा असतो, म्हणजे मोकळा पाय एक्सलवर सरकून आपली सरळ जागा शोधतो. एक्सल कोरडा, खवलेला असेल तर तो पाय सरकतच नाही, आणि दोन्ही पाय वाकड्या अवस्थेत कायमचे आवळले जातात. त्यानंतर हात धुवावेत आणि मगच ब्रेकच्या डिस्कला हात लावावा.

थ्रेडलॉकर लागतो तिथे सगळे नियम बदलतात. १९५३ साली व्हर्नन क्रीबल या अमेरिकी प्राध्यापकांनी जे रसायन विकसित केले, त्याचे वैशिष्ट्य असे की ते हवेत द्रवच राहते आणि हवा तुटून धातूचा स्पर्श झाला की घट्ट होते. आट्यांवर तेल असेल तर ते धातूला नीट धरत नाही. म्हणून डिस्कच्या किंवा लिंकेजच्या ज्या बोल्टांना ते सांगितले असेल, त्यांचे आटे, आणि समोरच्या भोकातलेही, डाग न उमटेपर्यंत साफ करावेत. ओले असताना ते स्वतःही काहीसे वंगणाचेच काम करते, हे विसरू नये. त्यासाठीचा आकडा त्या अवस्थेचाच असतो. टायटॅनियमचे बोल्ट वापरणाऱ्यांनी तर कोरडी जोडणी मनातूनच काढून टाकावी. तो धातू दाबाखाली स्वतःलाच चिकटतो आणि नट अर्ध्यावर कायमचा बसून राहतो. त्याला अँटी-सीझ, म्हणजे आटे चिकटू न देणारी पेस्ट, लागतेच, आणि त्याबरोबर त्यासाठी दिलेला वेगळा आकडाही.

प्रत्यक्ष आवळताना मी आधी सगळे बोल्ट आणि नट बोटांनी फिरवतो, शेवटपर्यंत. बोटांना जो खडखडाट कळतो तो पान्याला कळत नाही. स्वयंबंद नट बोटांनीच शेवटपर्यंत गेला, तर त्याची पकड संपली आहे आणि तो बदलावा. शॉकअप जोडण्याआधी फक्त स्विंगआर्म आणि लिंकेज आवळून स्विंगआर्म हाताने वर उचलून सोडतो. तो खडखडता किंवा थबकता कामा नये, दाट ग्रीसमधून यावा तसा एकसारख्या गतीने खाली आला पाहिजे. मधेच अडला तर कॉलर वाकडी बसली आहे किंवा सील दुमडले आहे, आणि ते आत्ताच सोडवणे सोपे असते. मग शॉकअप, आणि मग रेंच. शक्यतो डोके स्थिर धरून नट फिरवावा, आणि शेवटचा पाव फेरा एका दमात, न थांबता पूर्ण करावा. मधे थांबले तर पुन्हा हलवायला लागणारे घर्षण जास्त असते आणि खटका खोटा मिळतो. तसे झाले तर नट मागे घेऊन पुन्हा आवळावा.

जोडणी संपल्यावर प्रत्येक नटावर आणि शेजारच्या भागावर रंगाची एक सरळ रेघ ओढतो, म्हणजे पहिल्या फेरीनंतर कोण सरकले ते नजरेलाच कळते. वहीत बोल्टचे नाव, त्यापुढे आकडा आणि त्यापुढे आट्यांची अवस्था लिहितो: कोरडा, तेल, ग्रीस, थ्रेडलॉकर. पुष्कळ जण तिसरा रकाना ठेवत नाहीत, आणि पुढच्या वेळी तोच बोल्ट दुसऱ्या कुणी आवळला की दुसरा रकाना निरुपयोगी होतो.